टॉनी की सदर्न? मोल क्रिकेट ओळखताना आधी पाय बघा, रंग शेवटी

उत्तर आणि मध्य फ्लोरिडात घर घेतलेल्या मराठी मंडळींकडून दर वसंतात मला एकाच छापाचे फोटो येतात. लॉनवर बोटाच्या जाडीएवढी माती वर आलेली, मध्येमध्ये भोकं, आणि एका फोटोत चपलेशेजारी पडलेला जाडजूड तपकिरी किडा, पुढचे पाय फावड्यासारखे. खाली प्रश्न: “हा टॉनी का सदर्न?” प्रश्न येईपर्यंत बहुतेकांचं औषध टाकून झालेलं असतं.

उलटा क्रम हीच मुख्य चूक. टॉनी आणि सदर्न या मोल क्रिकेटच्या, म्हणजे जमीन पोखरणाऱ्या रातकिड्याच्या, दोन जाती; सख्खे चुलत भाऊच. दोघांची लांबी साधारण तीन सेंटिमीटर, पंख सारखे लांब, बिळं शेजारीशेजारी. पण टॉनी मुख्यतः गवतावर जगतो, मुळंही खातो आणि खोडही. सदर्न हा मुख्यतः शिकारी: गांडुळं, इतर किडे. तो तुमचं गवत फारसं खात नाही, त्याखालची जमीन पोकळ करतो आणि मुळं सुकतात. दोघांच्या वाढीचं वेळापत्रकही वेगळं. नाव न ठरवता औषध टाकलं की निम्म्या वेळा ते चुकीच्या महिन्यात पडतं.

शास्त्रीय नावं एकदाच सांगते, कारण जुन्या आणि नव्या माहितीत ती वेगळी दिसून लोक गोंधळतात. टॉनी म्हणजे निओस्कॅप्टेरिस्कस व्हिसिनस, सदर्न म्हणजे निओस्कॅप्टेरिस्कस बोरेली. २०१५ च्या आधीच्या मजकुरात पहिला शब्द नुसता ‘स्कॅप्टेरिस्कस’ असतो. किडे तेच.

आणखी एक. आपल्याकडे शेतात सापडणारा जमिनीतला रातकिडा ग्रायलोटाल्पा गटातला. त्याच्या पुढच्या पायाला चार दाते असतात, इथल्या या दोघांना दोनच. त्यामुळे गावाकडचा एखादा कृषिपदवीधर भाऊ फोनवर फोटो बघून जे सांगेल ते इथे लागू पडेलच असं नाही.

टप्पा १: हे मोल क्रिकेटच आहे ना?

पाच मिनिटांचं काम, पण हेच टाळलं जातं. मी स्वतः पहिल्या वर्षी टाळलं होतं.

वर आलेली मातीची रेघ बोटाएवढी असेल आणि पायाखाली गवत स्पंजासारखं दबत असेल, तर संशय मोल क्रिकेटवर. रेघ तळहाताएवढी रुंद आणि फुगीर असेल, तर तो मोल, म्हणजे जमिनीखाली राहणारा केसाळ सस्तन प्राणी. त्याचा या लेखाशी संबंध नाही. रात्रीतून शंकूसारखे खड्डे उकरलेले दिसले तर आर्माडिलो, म्हणजे अंगावर कवच असलेला प्राणी. त्याला कदाचित मोल क्रिकेटच खायचे असतील, म्हणून पुढची तपासणी तरीही करा.

गवत कुठलं तेही बघा. बहाया आणि बर्म्युडा या दोन गवतांवर हे किडे जास्त त्रास देतात. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. गावाकडे कुळवाच्या मागे फिरून वेचून काढायचो ती, आणि इथे तिच्यासाठी पैसे मोजून पाणी घालतो. सेंट ऑगस्टीन नावाच्या गवताचं लॉन उन्हाळ्यात पिवळं पडत असेल, तर आधी चिंच बग हा किडा आहे का तपासा. तो पोखरत नाही, रस शोषतो.

*तपासणी:* पिवळ्या जागेतलं गवत मुठीत धरून हलकेच ओढा. मातीसकट सैल होऊन, जवळजवळ मुळांशिवाय वर आलं, तर पुढे चला. घट्ट असेल तर कारण दुसरंच आहे.

टप्पा २: सामान आधी मांडून ठेवा

साबणपाणी ओतल्यावर किडा वर येतो आणि काही सेकंदांत पुन्हा मातीत शिरतो. तेव्हा घरात डबा शोधायला पळालात तर गेला.

लागतं ते एवढंच. साधारण साडेसात लिटरची झारी (दोन गॅलनची). भांडी घासायचा द्रव साबण, ४५ मिलिलिटर, म्हणजे दीड औंस. लिंबाच्या वासाचा चालतो, पण ब्लीचवाला किंवा डिशवॉशर यंत्राचा नको. दोरी आणि चार खुंट्या, दोन फूट बाय दोन फूट चौकोनासाठी. झाकणाचे दोन-तीन पारदर्शक डबे. भिंग, नाहीतर फोनला लावायची मॅक्रो लेन्स. एक बोथट सुई. मार्कर आणि कागद.

कागद विसरू नका. कुठल्या चौकोनातून किती किडे निघाले हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही, आणि पुढच्या सगळ्या निर्णयाला तोच आकडा लागतो.

टप्पा ३: जागा आणि वेळ

चौकोन कुठे आखायचा? पूर्ण उजाड झालेल्या जागेत नाही. तिथे खायला काही उरलेलं नसतं, किडे पुढे सरकलेले असतात. ताज्या मातीच्या रेघा असतील तिथे, हिरवं आणि पिवळं गवत भेटतं त्या कडेवर आखा. एका लॉनवर किमान चार चौकोन, वेगवेगळ्या बाजूंना.

सकाळी लवकर किंवा सूर्य उतरल्यावर करा. भर दुपारी साबणाचं पाणी गवताला पोळतं.

जमीन कोरडी असेल तर आदल्या संध्याकाळी नुसतं पाणी घाला. कोरड्या वाळूत साबण वरच्या इंचातच राहतो, किडे त्याच्या खाली असतात, आणि तुम्ही ‘किडे नाहीत’ म्हणून समाधानाने घरात येता. फ्लोरिडाची माती बहुतेक वाळूच असल्यामुळे ही चूक फार होते.

टप्पा ४: साबणपाणी

झारीत आधी पाणी भरा, मग साबण. आधी साबण टाकून वरून नळ सोडला तर निम्मी झारी फेसाची होते, आणि फेस जमिनीत मुरत नाही.

सगळं पाणी त्या एका चार चौरस फुटांच्या चौकोनातच ओता. पसरू नका. “थोडं थोडं सगळीकडे घातलं” असं अनेक जण सांगतात; मग काय कळणार? पाणी हळूहळू, गोल फिरवत, झिरपू देत ओता. आणि मग तीन मिनिटं घड्याळ लावून, उकिडवं बसून, फक्त बघा.

आधी गवताची पाती एका जागी हलतात. मग माती उचलली जाते, आणि ओलं, चकचकीत डोकं बाहेर येतं. पूर्ण बाहेर येईपर्यंत हात लावू नका. निम्मा बाहेर असताना धरलात तर तो मागे सरकतो. मागे पळायला तो पुढे पळण्याइतकाच तरबेज आहे.

बाहेर आला की बोटांनी उचला. डंख नसतो. मूठ मिटली तर पुढच्या पायांनी बोटं बाजूला सारतो, आणि एवढ्याशा जिवात केवढं बळ आहे ते तेव्हा कळतं. पहिल्यांदा दचकून टाकला जातो, म्हणून उघड्या डब्यावरच हात धरा.

जून-जुलैत निघणारी पिल्लं बोटाच्या पेराहून बारीक, कधी मुंगीएवढी असतात. ती मोजा, पण नाव ठरवायला त्या आकारात घाई करू नका.

*इशारा:* मोजून झालं की चौकोनावर साधं पाणी घाला, साबण धुवून काढा. नाहीतर आठवड्याने तिथे दोन फुटांचा पिवळा चौकोन उमटतो आणि सोसायटीचं पत्र येतं.

टप्पा ५: किडा गार करा, मग ओळखा

जिवंत किड्याचे पाय तपासणं म्हणजे रांगत्या मुलाची नखं कापणं. डबा घट्ट बंद करून फ्रीजमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवा. किडा मरत नाही, सुस्त होतो. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. मी लिहिलं नव्हतं, आणि तेव्हा सासूबाई आमच्याकडे होत्या. त्यांनी चटणीचा डबा समजून उघडला. पुढचे दोन दिवस त्यांनी फ्रीजला हात लावला नाही.

आता तपासण्या. खालच्याच क्रमाने करा. जवळजवळ प्रत्येक जण रंगापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो.

*पहिली: दाते मोजा.* पुढचा पाय दाताळ्यासारखा आहे. त्याच्या चपट्या नडगीच्या टोकाला काळपट, कडक दाते दिसतील. हे दाते म्हणजेच सगळी ओळख. चार असतील तर तो इथला मूळ रहिवासी, नॉर्दर्न मोल क्रिकेट. त्याला सोडून द्या. लॉनच्या नुकसानीत त्याचा हात नगण्य. दोन असतील तर पुढे चला.

इथे एक हमखास चूक होते. नडगीच्या बाजूला पाऊल जोडलेलं असतं आणि त्या पावलालाही पात्यासारखी दोन टोकं असतात. किडा ती नडगीच्या दात्यांवर कात्रीसारखी घासून मुळं कापतो. नवखा माणूस ही दोनही मोजतो आणि चार म्हणतो. सुईने हलकेच ढकलून बघा: जे हलतं ते पाऊल, जे नडगीतून सरळ निघालेलं आणि हलत नाही ते दाते. हलणारं मोजायचं नाही.

*दुसरी: दोन दात्यांमधली फट.* हीच निर्णायक खूण. भिंगातून दात्यांच्या बुडाकडे बघा, टोकांकडे नव्हे.

टॉनीचे दोन दाते बुडाशी जवळजवळ चिकटलेले असतात. मधली फट इंग्रजी व्ही अक्षरासारखी, खाली निमुळती. सदर्नचे दाते बुडाशीच एकमेकांपासून सुटलेले. मधली फट यू अक्षरासारखी, तळाला गोल, आणि रुंदीला एका दात्याच्या निम्म्याहून जास्त. मराठीत लक्षात ठेवायचं तर टॉनी म्हणजे जोडलेल्या दोन बोटांची फट, सदर्न म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्यातली फट.

फटीत माती अडकलेली असते. ओल्या कापसाने पुसल्याशिवाय निर्णय देऊ नका. चिखलाने भरलेला यू हुबेहूब व्ही दिसतो, आणि मला आलेल्या चुकीच्या ओळखींतल्या बऱ्याचशा या एका कारणाच्या होत्या. दुसरं कारण झिजलेले दाते: म्हातारा किडा वाळू खणून खणून दात्यांची टोकं बोथट करून बसतो. म्हणूनच बूड बघायचं. दोन्ही पाय तपासा. एक मोडका असू शकतो.

ही खूण पिल्लांनाही लागू पडते. अगदी बारीक पिल्लात मात्र फट दिसत नाही. ते दोन-तीन आठवड्यांनी मोठं झाल्यावर पुन्हा पकडा.

*तिसरी: पंख, आणि फक्त प्रौढाचे.* टॉनी आणि सदर्न दोघांच्या प्रौढांचे मागचे पंख शेपटीपर्यंत किंवा त्याही पुढे जातात. व्ही दिसतोय, पण प्रौढाचे पंख पोटाच्या निम्म्यापर्यंतच आहेत, असं असेल तर तो तिसरा भाऊ, शॉर्टविंग्ड. तो उडत नाही, फ्लोरिडात किनारपट्टीकडे जास्त सापडतो. पिल्लांच्या पाठीवर नुसते पंखांचे कोंब असतात. त्यांना आखूड पंख समजून शॉर्टविंग्ड ठरवू नका. प्रौढ की पिल्लू? प्रौढाच्या पंखात शिरांची जाळी दिसते, कोंबात नाही.

*चौथी: रंग आणि पाठीवरची नक्षी.* टॉनी पिवळसर तपकिरी, मानेमागच्या ढालीवर गडद ठिपकेदार पट्टा. सदर्न करडा ते काळपट, आणि त्याच ढालीवर चार फिके ठिपके. चित्रात फार सोपं दिसतं. प्रत्यक्षात सदर्नचीच दुसरी, ठिपके नसलेली, चित्रविचित्र डागांची जातही सर्रास सापडते. ओला किडा गडद दिसतो. आणि नुकतीच कात टाकलेला कुठलाही मोल क्रिकेट फिका, जवळजवळ पांढरा असतो. पायांनी सांगितलेल्या उत्तराला रंगाने दुजोरा दिला तर बरं. पायांच्या विरोधात गेला तर रंग सोडून द्या.

*तपासणी:* कागदावर प्रत्येक किड्यासमोर चार रकाने भरा: दाते किती, फट कशी, प्रौढ की पिल्लू, चौकोन कुठला. रंगाचा रकाना ठेवूच नका.

खात्री होत नसेल तर डबा फ्रीजरमध्ये ठेवून किडा मारा आणि तुमच्या काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात, म्हणजे कृषी सल्ला केंद्रात, न्या. फ्लोरिडा विद्यापीठाच्या आयएफएएस या कृषिसंस्थेची अशी कार्यालयं राज्यातल्या सगळ्या काउंट्यांत आहेत. चपलेने चिरडलेला नेऊ नका. पायच तुटलेले असतात.

टप्पा ६: कानाने पडताळणी

किडा हाती लागला नाही, किंवा आजूबाजूला कोण जास्त आहे हे बघायचं, तर ही युक्ती. फेब्रुवारीच्या शेवटापासून मे पर्यंत, उबदार संध्याकाळी, सूर्यास्तानंतर साधारण पाव तासाने नर गायला लागतात आणि तास-दीड तास गातात. बिळाचं तोंड ते कर्ण्यासारखं खणतात. आवाज त्यातून दूर जातो आणि उडत्या माद्या त्यावर उतरतात. गार रात्री गप्प. जमीन ओली असेल तर गाणं दणदणीत.

कानाला फरक असा: सदर्नचा आवाज जरा खालचा आणि घुमणारा, भेकासारखा. टॉनीचा वरच्या पट्टीतला, नाकातून काढल्यासारखा, आणि इतका दाट की मधली धडधड ऐकू येत नाही.

कानावर विश्वास नसेल तर फोनवर ध्वनीचा आलेख दाखवणारं एखादं फुकट ॲप उघडा आणि सर्वांत उंच टोक कुठे आहे ते वाचा. २७०० हर्ट्झच्या आसपास असेल तर सदर्न, ३३०० च्या आसपास असेल तर टॉनी. सेकंदाला ठोके सदर्नचे सुमारे ५०, टॉनीचे सुमारे १३०. ठोक्यांचा वेग तापमानावर बदलतो, म्हणून गार रात्रीच्या ठोक्यांवर जाऊ नका. पट्टी जास्त भरवशाची. टोक ४००० च्या वर गेलं तर तो बहुधा साधा रातकिडा. खोलगट ओल्या जागेतून कोरस येत असेल तर बेडूक.

जवळ गेलात की गाणं बंद. दहा-पंधरा फुटांवर उभं राहून, दोन मिनिटं न हलता रेकॉर्ड करा. आणि लक्षात घ्या, गाणारा फक्त नर, तोही उडून आलेला असू शकतो. आवाजाने ‘परिसरात कोण’ कळतं, ‘माझ्या लॉनखाली किती’ हे कळत नाही. तो आकडा साबणपाण्याचाच.

टप्पा ७: बिळाचा आकार (वाचून सोडून द्या)

टॉनीचं बीळ इंग्रजी वाय अक्षरासारखं, वर दोन फांद्या; सदर्नचं उलट्या वायसारखं. अभ्यासकांनी बिळात राळ ओतून साचे काढून हे दाखवलं आहे. खरं आहे, पण घरी खणून बघायच्या फंदात पडू नका. वाळू कोसळते, वाय दिसत नाही, आणि लॉनला मोल क्रिकेटहून मोठं भगदाड तुम्हीच पाडता.

टप्पा ८: आकडा काय सांगतो

प्रत्येक चार चौरस फुटांच्या चौकोनात तीन मिनिटांत सरासरी दोन किंवा जास्त मोल क्रिकेट निघाले, तर उपाय करण्यासारखी स्थिती आहे. सरासरी घ्या, एका चौकोनात पाच आणि बाकी तिघांत शून्य म्हणजे सव्वा. त्या एका कोपऱ्यावर लक्ष ठेवा, सगळ्या लॉनवर औषध ओतू नका.

दोन्ही जाती एकाच लॉनवर असणं अगदी सामान्य आहे. “सगळे टॉनी” असं एक किडा बघून म्हणू नका. निदान आठ-दहा किड्यांचे पाय बघा. टॉनी जास्त असतील तर गवतच खाल्लं जातंय. बारीक गवत, उघडी माती, हातात उचलून येणारी गवताची चादर. सदर्न जास्त असतील तर नुकसान पोखरण्याचं: रेघा दाबून, पाणी देऊन गवत बऱ्याचदा सावरतं, आणि कधीकधी औषधाची गरजच राहत नाही.

*तपासणी:* थंडीत, डिसेंबर-जानेवारीत साबणपाण्यातून जवळपास सगळे प्रौढ निघाले तर टॉनीचं प्राबल्य असण्याची शक्यता जास्त, कारण तो शरद ऋतूतच प्रौढ होऊन बसतो. पिल्लं बरीच निघाली तर सदर्न, तो बहुतेक पिल्लाच्या अवस्थेत थंडी काढतो. हा इशारा समजा, निकाल नव्हे, निकाल पायांचा.

टप्पा ९: नाव ठरल्यावर उपाय कधी

माझा पहिल्या वर्षीचा किस्सा इथेच. मार्चमध्ये लॉनवर रेघा दिसल्या, फोनवरून एका कंपनीला बोलावलं, त्यांनी न बघता दाणेदार औषध टाकलं आणि बिल दिलं. ते प्रौढ होते. प्रौढ मोठे, चिवट, खोलवर जाणारे, आणि वसंतात दर उबदार संध्याकाळी शेजारून नवे उडून येणारे. महिनाभराने रेघा तेवढ्याच.

उत्तर फ्लोरिडात अंडी साधारण एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत घातली जातात, मादी एका कोठडीत काही डझन घालते. मे-जूनमध्ये पिल्लं निघतात. त्यामुळे रासायनिक औषधाची खरी वेळ जून-जुलै, पिल्लं लहान आणि वरच्या थरात असताना. दक्षिण फ्लोरिडात सदर्नच्या वर्षाला दोन पिढ्या होतात. तिथे एकदाच टाकून निश्चिंत होता येत नाही, आणि वर्षभर साबणपाणी करत राहावं लागतं. जाती ओळखण्याचा खरा उपयोग इथे होतो.

वसंतात किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रौढ आणि मोठी पिल्लं असतात, तेव्हा स्टेइनर्नेमा स्कॅप्टेरिस्की हा सूक्ष्म सूत्रकृमी कामाचा. तो उरुग्वेतून आणून फ्लोरिडात वापरला गेला, आणि मोल क्रिकेटच्या अंगात शिरून त्यांना मारतो. लहान पिल्लांवर चालत नाही, म्हणून जूनमध्ये वापरू नका. बाजारात दर वेळी मिळेलच असं नाही. मिळालाच तर उन्हात ठेवू नका, संध्याकाळी ओल्या जमिनीत सोडा, नंतर पुन्हा पाणी द्या.

*इशारा:* आमिषाचे दाणे आणि जमिनीत मुरवायची औषधं यांचं पाण्याचं गणित उलटं असतं. आमिष कोरडं राहायला हवं, दुपार उतरल्यावर टाका, त्या रात्री पाऊस नको. मुरवायच्या औषधाला वरून पाणी हवं. दोघांना एकच नियम लावला की पैसे वाया. प्रमाण, हातमोजे, मुलं आणि कुत्रा लॉनवर कधी सोडायचे, हे सगळं पिशवीवरच्या लेबलाप्रमाणे. अमेरिकेत लेबलाविरुद्ध औषध वापरणं बेकायदेशीर आहे. गावाकडची “एक झाकण जास्त” सवय इथे महागात पडते.

उपायानंतर दोन ते तीन आठवड्यांनी त्याच चार चौकोनांत साबणपाणी पुन्हा करा आणि आधीच्या कागदाशेजारी आकडे लिहा. नव्या जागा निवडल्या तर तुलना होत नाही. म्हणून मी खुंट्या काढत नाही, मातीच्या पातळीत ठोकून ठेवते, गवत कापायचं यंत्र अडत नाही.

त्या चौकोनांपाशी कधीतरी काळ्या अंगाची, तांबड्या पोटाची एक गांधीलमाशी जमिनीलगत चालताना दिसेल, बिळात शिरेल आणि काही क्षणांनी तिच्यापुढे मोल क्रिकेट धावत बाहेर येईल. ती लॅरा बायकलर. डंख मारून किड्याला काही मिनिटं लुळा करते आणि अंगावर एक अंडं चिकटवून निघून जाते. माणसाच्या वाटेला जात नाही. दोन दात्यांच्या या परक्या जातींवरच ती अंडी घालते, चार दात्यांच्या नॉर्दर्नवर नाही. तिच्यावर स्प्रे मारू नका, आणि त्या आठवड्यात त्या कोपऱ्यात औषध टाकणार असाल तर थांबा.